रिकाम्या वाटीचा फोटो

माझ्या आईवडिलांना देवाने परभणी जिल्ह्यात पाठवलं होतं. निदान ते तसं सांगत. देवाने नेमकं पेडगावच का निवडलं हे त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही, आणि पेडगावच्या माणसांनी भिडेखातर ते कधी विचारलं नाही. डेन्मार्कातल्या एका लहान गावातून, जिथे अर्धं वर्ष माणसं खिडकीतून पावसाकडे बघत बसतात, ते दोघं गरिबांची सेवा करायला निघाले आणि पेडगावच्या कडेला एका पत्र्याच्या घरात येऊन उतरले. वडील पाद्री, आई नर्स. वडिलांचं आंद्रेआस हे नाव गावाने आठवड्याभरात आनंदराव करून टाकलं आणि इंग्रिडची इंद्राबाई झाली. मी तिथलाच जन्मलेला. घरात योहान, घराबाहेर येवन्या.

वडील मराठी शिकले ते जुन्या पवित्र शास्त्रावरून. त्यामुळे बाजारात वांगी विकणाऱ्या बाईला ते म्हणत, "हे स्त्रिये, तुझे कुशल आहे काय?" बाई म्हणायची, "हाव, लय कुशल हाय. किती तोलू?" अशा मराठीत त्यांनी अकरा वर्षं उपदेश केला. लोक ऐकायला येत, सतरंजीवर बसत, येशूची गोष्ट आवडीने ऐकत, आणि गोष्ट संपली की 'आमच्या पोखर्णीच्या नरसिंहाचंबी असंच हाय' म्हणून त्याची गोष्ट वडिलांना सांगत. वडील ती वहीत लिहून घेत. अकरा वर्षांत त्यांनी एकही माणूस ख्रिस्ती केला नाही. आमचा राखणदार ख्रिस्ती होता, पण तो जालन्याहून तसाच आला होता. आईचं बरं होतं. ती गळू कापायची, कानातला मळ काढायची, बाळंतिणींना गोळ्या द्यायची. तिच्याकडे आलेल्या माणसाला आपण नक्की कशासाठी आलो ते ठाऊक असायचं.

घरातले आवाज आठवतात. पत्रा तापला की दुपारी तो टणटण वाजायचा. लांबून पिठाच्या गिरणीची पुकपुक यायची. आणि शनिवारी आईच्या टाइपरायटरचा खडखडाट, कारण दर तीन महिन्यांनी मायदेशीच्या चर्चला पत्र जायचं. सकाळी आम्ही दुधात शिजवलेली ज्वारीची लापशी खायचो, जेवणाआधी प्रार्थना करायचो, आणि जेवणात उकडलेले बटाटे असायचे. उकडलेल्या बटाट्याबद्दल रोज देवाचे आभार मानायला श्रद्धा फार लागते. माझी तेवढी नव्हती. म्हणून शाळा सुटली की मी कुंपणाच्या फटीतून शेजारी कौसामावशीकडे जायचो.

कौसल्याबाई आणि दिगंबरमामा यांची सात एकर जमीन होती, विहीर होती, दोन बैल होते आणि मंदा नावाची माझ्याच वर्गातली मुलगी होती. त्यांच्या घरात भांड्यांच्या फळीवर माझं एक ताट होतं. कडेला पोचा आलेलं, पण माझं. मी दारात दिसलो की मावशी न विचारता ते खाली काढायची. "आला का रे येवन्या? आज उकडल्यालं काय व्हतं?" मी बटाटे म्हणालो की ती कपाळाला हात लावायची आणि तव्यावरची भाकरी माझ्या ताटात टाकायची. वर शेंगदाण्याची चटणी, आंबाडीची भाजी, कधी शेंगोळे. मंदा आणि मी खाता खाता भाषांची अदलाबदल करायचो. मी तिला डॅनिश आकडे शिकवले, शिव्या शिकवल्या आणि 'मला भूक लागलीय' हे वाक्य शिकवलं. ते वाक्य ती इतकं झोकात म्हणायची की माझ्या आईने तिला एकदा बिस्किट दिलं होतं. आज मी पंचावन्न वर्षांचा आहे, बऱ्याच मोठ्या टेबलांवर जेवलो आहे. त्या ताटाइतकी जागा मला कुठे मिळाली नाही. ती मी कशी घालवली, तेच सांगायचं आहे.

मावशी रोज दुपारी आमच्याकडे एक वाटी पाठवायची. चांगली खोलगट पितळी वाटी, तिच्या लग्नात तिच्या मामाने दिलेली, कडेवर ठिपक्याठिपक्यांनी त्याचं नाव कोरलेलं. कधी तिच्यात येसराची आमटी असायची, कधी वरणफळं, कधी नुसतं लोणचं. इंद्राबाईचं पोरगं आणि नवरा उकडल्यालं खाऊन मरतील, अशी तिला खरोखरची काळजी होती. आई ते आवडीने वाढायची. मग वाटी घासून, उकळत्या पाण्यात बुडवून, फडक्याने कोरडी करून पायरीवर उपडी ठेवायची. दुसऱ्याचं भांडं परत करायचं ते निर्जंतुक, ही तिची शिस्त. संध्याकाळी मंदा यायची आणि रिकामी वाटी घेऊन जायची.

आता, भांडं रिकामं परत करायचं नसतं हे पेडगावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं, आणि मी पेडगावातलाच शेंबडा पोर होतो. शेजारणीची वाटी परत देताना मावशी चिमूटभर साखर का होईना, टाकायची. घरात काहीच नसलं तर ज्वारीचे चार दाणे. हे मी रोज बघत होतो. आईला मात्र एकदाही सांगितलं नाही. का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, आम्ही द्यायला आलेली माणसं आहोत हे घरात इतक्या वेळा ऐकलं होतं, की आम्हाला आणखी काही द्यावं लागेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही.

मायदेशीच्या पत्रात शेवटी एक चौकट माझी असायची. 'योहानच्या खिडकीतून' असं तिचं नाव. मी तिच्यात शेळ्यांबद्दल लिहिलं, मोरांबद्दल लिहिलं, दिगंबरमामाच्या बैलाला माझी टोपी आवडते हे लिहिलं. कुणाचं उत्तर आलं नाही. वडिलांच्या परिच्छेदांना उत्तरं यायची, कारण त्यात माणसं दुःखी असायची. मी अकरा वर्षांचा होतो आणि मला पत्रं हवी होती. म्हणून एका शनिवारी मी लिहिलं: "माझी मैत्रीण मंदा जमिनीवर झोपते. तिच्या घरात चमचे नाहीत. ती भाकरी नुसत्या मिरचीबरोबर खाते. रोज संध्याकाळी ती रिकामी वाटी घेऊन आमच्या पायरीवर उभी असते." एकही शब्द खोटा नव्हता. उन्हाळ्यात सगळं गावच अंगणात जमिनीवर झोपायचं, आणि कौसामावशीच्या ठेच्यासाठी मी आजही परभणीहून चालत जाईन.

वडिलांनी ते वाचलं. चष्मा काढून पुसला. ती वाटी आमच्याकडे भरून येते हे त्यांना चांगलं माहीत होतं, त्या दुपारची आमटी अजून त्यांच्या मिशीला होती. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. ते म्हणाले, "योहान, सगळंच सांगत बसलं तर लोकांना प्रार्थनेला वेळ उरत नाही." आणि संध्याकाळी मंदा वाटी न्यायला आली तेव्हा त्यांनी कॅमेरा काढला. मंदा फोटो म्हटल्यावर ताठ उभी राहिली आणि हसली. वडील म्हणाले, "हे कन्ये, हसू नकोस." तिने तोंड मिटलं आणि वाटी दोन्ही हातांनी छातीशी धरली.

तो फोटो मिशनच्या मासिकात मुखपृष्ठावर आला. मग मात्र पत्रं आली, माझ्या नावाने आली, आणि त्यामागून पार्सलं आली. पार्सलांत स्वेटर होते. शुद्ध लोकरीचे, हाताने विणलेले, सांबराची नक्षी असलेले स्वेटर, आणि परभणीत एप्रिल चालू होता. आईने ते गावात वाटले. लोकांनी नाही म्हटलं नाही. त्या वर्षी आमच्या शिवारातली बुजगावणी युरोपातल्या कुठल्याही बुजगावण्यांपेक्षा उबदार होती. दिगंबरमामा म्हणाला, "पाखरं लांबूनच बघून जायलेत, येवन्या. त्यांनाच घाम फुटायलाय."

आणि मग हिवाळ्यात पाहुणे आले. एक निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांची बायको, दोघंही डोक्याला पांढऱ्या टोप्या घालून, मंदाला प्रत्यक्ष भेटायला. वडिलांनी कौसामावशीला जाऊन सांगितलं की परदेशातून लोक तुमचं घर बघायला येतायत. त्यांचा बेत असा होता की पाहुण्यांनी पाच मिनिटं दारात उभं राहावं, प्रार्थना करावी आणि निघावं. पण पेडगावात एवढ्या लांबून कुणी घरी येणार म्हटल्यावर पाच मिनिटं उभं करून त्याला घालवता येत नाही. मावशीने अंगण सारवलं, कुरडया तळल्या, पुरण घातलं. आम्ही पोचलो तेव्हा पाटांच्या ओळीपुढे ताटं मांडलेली होती. माझं पोच्याचं ताटही त्यांच्यात होतं.

दुभाषा मीच होतो. आई एका बाळंतिणीकडे गेली होती आणि वडिलांची मराठी अशा प्रसंगी कामाची नव्हती.

पाहुणीबाईंनी पुरणपोळीकडे पाहिलं, मग शेणाने सारवलेल्या जमिनीकडे पाहिलं, आणि मला हळूच म्हणाल्या, "या घरातली माणसं शेवटचं कधी जेवली, विचार."

मी विचारलं, "मावशी, तुमी जेवलात का?"

"आमी कसे जेवू? आदी पाहुणे, मग आमी."

हे मी अगदी बरोबर सांगितलं: आपण जेवल्याशिवाय या जेवणार नाहीत. बाईंचे डोळे भरले. त्यांनी पोळीचा एक तुकडा मोडला, तूप बाजूला सारलं आणि बाकीचं सगळं ताट घरातल्यांसाठी ठेवून हात जोडले. नवऱ्यानेही तसंच केलं. मग माझ्या वडिलांनीही, त्यांच्याकडे बघून. भरलेली तीन ताटं समोर तशीच राहिली. मावशीचा चेहरा उतरला.

"ग्वाड न्हाई का झालं?" तिने मला विचारलं.

दिगंबरमामा मिशीतल्या मिशीत म्हणाला, "अगं, त्यांच्या मुलखात येवढंच खातेत. तवाच तर इकडं यायलेत समदे."

मी मान खाली घालून माझं ताट साफ करत होतो. तेवढ्यात पाहुणीबाईंनी पिशवीतून भेट काढली. झाकण असलेली एक गुलाबी प्लास्टिकची वाटी, मंदासाठी. आणि तिच्यासोबत ते मासिक. मावशीने पदराला हात पुसून ते घेतलं. आधी तिला आनंदच झाला.

"मंदे, तुजा फोटू. आन् वाटी बघ, आपलीच हाय. माज्या मामाचं नाव कसं ठळक दिसायलंय." मग तिने मासिक जरा लांब धरलं. "रिकामी हाय की. येवन्या, ही तुमच्या घरची पायरी. वाटी न्यायला आलती तवाचा दिसतोय ह्यो. खाली काय लिवलंय?"

खाली 'भुकेली मंदा' असं लिहिलं होतं. मी म्हणालो, "लिवलंय, ही मंदा, आमची शेजारीण."

पाहुणीबाईंनी विचारलं, "काय म्हणतायत त्या?"

मी म्हणालो, "त्या म्हणतायत, देव तुमचं भलं करो."

दोन वाक्यं. आयुष्यात पुढे मी पोटासाठी भाषांतराचीच कामं केली, करारांची, औषधांच्या चिठ्ठ्यांची, आणि एकाही शब्दात चूक होऊ नये म्हणून रात्र-रात्र जागलो आहे. त्या दोन वाक्यांची भरपाई त्यातून झालेली नाही.

बाई खूश झाल्या आणि त्यांनी फोटोवर बोट ठेवून खालची ओळ मोठ्याने, प्रेमाने वाचून दाखवली. मंदा पोळ्या वाढत होती. तिला माझ्या भाषेतले आकडे येत होते, शिव्या येत होत्या आणि भुकेचा शब्द येत होता. ती थांबली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. पाहुणीबाईंकडे तोंड करून, मी शिकवलेल्या वाक्यात एक 'नाही' घालून, ती स्वच्छ डॅनिशमध्ये म्हणाली, "मला भूक लागलेली नाही."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापक म्हणाले, "किती हुशार मुलगी, आणि गरिबीतसुद्धा केवढा स्वाभिमान." वडिलांनी ते वाक्य वहीत टिपून घेतलं. मंदाने आईच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं. मावशीने मासिक मिटून वडिलांच्या हातात दिलं, पदर खोचला आणि म्हणाली, "वाढ मंदे. पाहुणे हायेत." आणि त्या तीन भरल्या ताटांत तिने आणखी एकेक पोळी वाढली.

दुसऱ्या दिवशी वाटी आली नाही. तिसऱ्या दिवशी नाही, आठवड्यानंतरही नाही. आईला वाटलं कौसाबाई आजारी आहेत, ती औषधांची पेटी घेऊन निघाली. तेव्हा मी तिला पायरीवर अडवलं आणि सगळं सांगितलं: बाईंनी वाचलेली फोटोखालची ओळ, माझी दोन वाक्यं, आणि रिकाम्या भांड्याची रीत. पहिल्या दोन गोष्टी तिने ऐकून घेतल्या. तिसरीला ती खाली बसली. "इतकी वर्षं?" तिने विचारलं. "रोज?" मी मान हलवली. "म्हणजे फोटोत जे दिसतंय, ते आपलं आहे," ती म्हणाली. त्यानंतर वडिलांशी ती दोन दिवस बोलली नाही. हा आमच्या घरातला सगळ्यात मोठा तंटा. आम्ही ख्रिस्ती माणसं असल्यामुळे तो अतिशय शांततेत पार पडला.

मग आईने केक केला. माहेरून आणलेली निळ्या फुलांची चिनी मातीची वाटी होती, ती शिगोशीग भरली आणि मला पाठवलं. मी कुंपणाच्या फटीतून न जाता रस्त्याने फिरून, समोरच्या दाराने गेलो.

मावशी तूर पाखडत होती. मला बघून उठली. "या," ती म्हणाली. "बसा."

अकरा वर्षांच्या पोराला. मी आजतागायत एवढा मोठा कधी झालो नाही.

तिने सतरंजी अंथरली, जी माझ्यासाठी कधीच अंथरली नव्हती. वाटी आत नेली. मला भांड्यांची फळी दिसत होती, माझं ताट तिच्यावर जागच्या जागी होतं. तिने वर हात केला नाही. घासल्याचा आवाज आला, पाणी ओतल्याचा आवाज आला. मग ती बाहेर आली आणि तिने वाटी माझ्या हातात दिली. कोरडी, लखलखीत. मी आत पाहिलं. साखरेचा कण नव्हता, ज्वारीचा दाणा नव्हता. मी तरी उभाच राहिलो, ती विसरली असेल म्हणून.

"आईला म्हणावं, लय ग्वाड व्हतं," ती म्हणाली. "या आता."

पुढच्या पावसाळ्याआधी मिशनने वडिलांना परत बोलावलं, फोटोमुळे त्यांचं नाव झालं होतं. डेन्मार्कात गावोगाव फिरून ते पेडगावबद्दल बोलत राहिले. ऐकणारे खूप होते. त्यांच्यातले काही तर ख्रिस्तीसुद्धा झाले असतील.

मी विशीत परत आलो, परभणीतच लग्न केलं, इथलाच झालो. पेडगाव इथून अर्ध्या तासावर आहे. तिथे जायला मला तीस वर्षं लागली, आणि गेलो तेव्हा कौसामावशी नव्हती, दिगंबरमामाही नव्हता. मंदा पाथरीला असते, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त व्हायला आली आहे. गेल्या हिवाळ्यात तिचा पत्ता मिळाला. बायकोने शेंगदाण्याचे लाडू केले, मी ते आईच्या निळ्या फुलांच्या वाटीत भरले आणि एसटीने गेलो. मनात भाषण तयार होतं.

मंदाने मला जेवायला घातलं. जेवण होईपर्यंत मला बोलू दिलं नाही. मग मी बोललो. फोटो, ओळ, दोन वाक्यं, ताट, सगळं. ती दात कोरत ऐकत होती.

"मावशीला फार लागलं असेल," मी म्हणालो.

"आला होता की राग. दोन दिवस. मग कापूस वेचणीला आला."

"आणि तुला?"

"मला ती गुलाबी वाटी आवडली होती. झाकण होतं तिला." मग तिने मुख्याध्यापिकेसारखं माझ्याकडे पाहिलं. "येवन्या, एक सांगू का? तवा तुला आमी गरीब पाहिजे होतो. आता दुखावल्याले पाहिजेत. आमाला आमचं काही असू देशील की न्हाई?"

मी लाडवांची वाटी तिच्यापुढे सरकवली. तिने लाडू डब्यात काढले, वाटी धुतली, पुसली, आणि निघताना दारात माझ्या हातात दिली. मी आत पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती, आणि तिला हसू आवरत नव्हतं.

"रिकामीच ने," ती म्हणाली. "तुमच्यात तशीच पद्धत हाय ना?"

पाथरीच्या स्टँडवर परभणीची गाडी लागायची होती. मी बाकावर बसलो. चिनी मातीची वाटी पिशवीत फुटेल म्हणून दोन्ही हातांनी मांडीवर धरली होती. उन्हाने लाल झालेला गोरा म्हातारा, विटका सदरा, आणि मंदाच्या बोलण्याने चेहराही बहुतेक तसाच झालेला. देवदर्शन करून आलेली एक आजी समोरून चालली होती. ती थांबली. माझ्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं.

"जेवलास का बाबा?"

"जेवलोय, मावशी," मी म्हणालो. "पोटभर जेवलोय."

तिचा विश्वास बसला नाही. तिने कनवटीची पुरचुंडी सोडली आणि चुरमुरे-फुटाण्यांचा प्रसाद वाटीत ओतला, खडीसाखरेच्या दोन खड्यांसकट. मी तिला समजावून सांगणार होतो. ही वाटी माझ्या आईची, मी भाषांतरकार आहे, परभणीत माझं घर आहे. सगळं खरं होतं आणि तोंडाशी आलं होतं.

"खा," ती म्हणाली, आणि मी खाईपर्यंत तिथेच उभी राहिली.